दोघांचा पत्त्यांचा डाव: झालेले हात उघडे ठेवायचे की पालथे?

वेलांटी

घरात दोनच माणसं आणि पत्त्यांचा एकच कॅट असेल तर काय खेळावं? आमचं सध्याचं उत्तर आहे जर्मन व्हिस्ट. पण त्यातल्या एका नियमावरून माझं आणि नवऱ्याचं एकमत होत नाही, म्हणून हा धागा काढला.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी नियम. जोकर काढून ५२ पत्ते. दोघांना १३-१३ वाटायचे. उरलेल्या २६ पत्त्यांचा गठ्ठा मध्ये पालथा ठेवायचा आणि वरचा पत्ता उघडायचा. तो ज्या रंगाचा असेल (रंग म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांतला एक), तो रंग डाव संपेपर्यंत हुकूम. ज्याने वाटले नाहीत त्याची पहिली उतारी (उतारी म्हणजे आधी पत्ता टाकणं; दोघांनी एकेक पत्ता टाकला की एक हात झाला). उतारीचा रंग हातात असेल तर तोच टाकायचा. नसेल तर हुकूम मारा, नाहीतर काहीही फेका. जो हात जिंकेल त्याला गठ्ठ्यावरचा उघडा पत्ता मिळतो. हरेल त्याला त्याखालचा पालथा पत्ता, आणि तो समोरच्याला दाखवायचा नाही. मग पुढचा पत्ता उघडायचा, जिंकणाऱ्याने उतारी करायची. असे १३ हात झाले की गठ्ठा संपतो आणि दोघांकडे पुन्हा १३-१३ पत्ते असतात. इथवरचे हात मोजायचे नाहीत. खरी मोजदाद उरलेल्या १३ हातांची. ज्याचे ७ झाले त्याने डाव मारला.

म्हणजे अर्धा वेळ सैन्य जमवायचं आणि अर्धा वेळ लढायचं.

आता भांडण. पहिल्या अर्ध्यात जे २६ पत्ते खेळून बाजूला पडतात, ते नवऱ्याच्या मते पालथेच राहिले पाहिजेत आणि कोणी उलटून बघायचे नाहीत. माझं म्हणणं, ते रंगवार उघडे मांडून ठेवावेत. कारण त्याला सगळं लक्षात राहतं आणि मला राहत नाही, त्यामुळे निम्मे डाव डोक्याने नाही तर स्मरणशक्तीने निकालात निघतात. मला डावपेच खेळायचे आहेत, पाठांतराची परीक्षा द्यायची नाहीये.

तुम्ही घरी कसं खेळता?

आळशी_कासव

पालथे. प्रश्नच नाही. सगळं उघडं ठेवलं तर पत्ते कशाला, बुद्धिबळच खेळा.

दुर्री

कासवराव, घाई नको. वेलांटीताईंचा मुद्दा दिसतो त्यापेक्षा मोठा आहे.

हिशोब करून बघा. पहिल्या अर्ध्यात १३ हात होतात, प्रत्येक हातात दोन पत्ते, म्हणजे २६ पत्ते दोघांच्याही डोळ्यांसमोर पडलेले असतात. तुमच्या हातात १३ आहेत. २६ आणि १३ मिळून ३९. मग राहिलेले १३ कुठे आहेत? सगळेच्या सगळे समोरच्याच्या हातात. म्हणजे ज्याला पडलेले पत्ते आठवतात, त्याच्यासाठी दुसऱ्या अर्ध्यात झाकलेलं असं काहीच उरत नाही. समोरच्याने पालथा पत्ता कितीही लपवून उचलला असला तरी आता तो उघडाच आहे.

म्हणून या खेळाचा दुसरा अर्धा मुळातच बुद्धिबळासारखा आहे. फक्त तो स्मरणशक्तीच्या पडद्यामागे आहे. पडदा ठेवायचा की काढायचा, एवढाच तुमचा प्रश्न.

खिडकीतून

धागा वाचते आहे. मी पहिल्यांदाच हा खेळ ऐकला. एक शंका: पहिल्या अर्ध्यातले हात मोजायचेच नाहीत तर तिथे जिंकायचं कशासाठी? आणि पालथा पत्ता चांगलाही निघू शकतो, मग सगळा नशिबाचाच मामला नाही का? भिकार-सावकार जरा सजवून खेळल्यासारखं वाटतंय.

दुर्री

भिकार-सावकारमध्ये तुम्हाला काही ठरवायचंच नसतं, पत्ता वर आला की टाकायचा. इथे प्रत्येक हाताला ठरवावं लागतं की उघडा पत्ता मला हवा आहे की नको.

समजा हुकूम इस्पिक आहे आणि गठ्ठ्यावर चौकटची पंजी उघडी आहे. ती कोणालाच नको. खालचा पालथा पत्ता सरासरीने तिच्यापेक्षा बराच चांगला असणार. म्हणून दोघंही हा हात हरायला बघतात. आता मजा बघा. उतारी माझी असेल आणि मी किलवरची सत्ती टाकली, तर समोरचा किलवरची चव्वी टाकून मोकळा होतो आणि पंजी माझ्या गळ्यात. पण मी किलवरची दुर्री टाकली तर? त्याच्याकडे किलवर असेल तर त्याला जिंकावंच लागतं, कारण दुर्रीखाली जायला जागाच नाही. (त्याच्याकडे किलवर नसलंच तर मात्र तो भलतंच काही फेकतो आणि दुर्रीवर मीच जिंकते. तोही धोका आहे.)

म्हणून पहिल्या अर्ध्यात दुर्री-तिर्रीला वेगळीच किंमत असते. एक्का-राजा जिंकायला लागतात, दुर्री-तिर्री हरायला लागतात, आणि सत्ती-अठ्ठी-नव्वी धड कशालाच उपयोगी पडत नाहीत. नवा खेळाडू बारीक पत्ते आधी टाकून मोकळा होतो. मग हरायची वेळ आली की त्याच्याकडे हरायला पत्ताच नसतो. माझं टोपणनाव उगाच नाही ठेवलेलं.

मधला_राजा

दुर्रीशी सहमत, एक भर घालतो. उघडा पत्ता चांगला असला म्हणून वाट्टेल ती किंमत देऊन घ्यायचा नसतो. गठ्ठ्यावर बदामची राणी आहे आणि ती घ्यायला तुम्ही बदामचा एक्का खर्च केलात, तर सैन्य वाढलं की घटलं? एक्का गेला, राणी आली. हाच हात बदामच्या दश्शीने निघाला असता तर गोष्ट वेगळी.

हुकूम उघडा असेल तेव्हा गणित बदलतं. हुकमाची तिर्रीसुद्धा सहसा घेण्यासारखी असते, कारण तुम्ही घेतली नाही तर ती समोरच्याकडे जाते. फरक एकाचा पडत नाही, दोनाचा पडतो.

अनुस्वार

वेलांटी, तुमच्या यजमानांना सगळं आठवतं असं तुम्हाला वाटतं, पण खात्री करून घ्या. बहुतेक लोक सगळे २६ पत्ते लक्षात ठेवतच नाहीत. ते तीन गोष्टी धरून ठेवतात. किती हुकूम पडले. प्रत्येक रंगाचा एक्का आणि राजा गेला का. आणि समोरच्याने कोणते उघडे पत्ते उचलले. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी, कारण पत्ता डोळ्यांसमोरून गेलेला असतो आणि तो का घेतला हेही कळलेलं असतं.

एवढ्यावर दुसऱ्या अर्ध्यातले बहुतेक निर्णय बरोबर घेता येतात. हुकूम एकूण १३. पडलेले अधिक माझ्याकडचे, ते १३ मधून वजा, की समोरचे हुकूम मिळाले. फक्त हा एक आकडा डोक्यात ठेवायची सवय लावा, बाकीचं हळूहळू येतं. आमच्याकडे बाबा पडलेले हुकूम मोजत नाहीत, उरलेले मोजतात. १३ पासून खाली येतात, म्हणजे शेवटी फक्त आपल्याकडचे वजा करायचे उरतात.

वेलांटी

धन्यवाद अनुस्वार, उरलेले मोजायची युक्ती करून बघते.

तरी मूळ प्रश्न राहतोच. अनुस्वार म्हणतात तसं मोजायला शिकले तरी नवरा माझ्या पुढेच राहणार. दोघंच खेळणारे असलो की हा फरक फार टोचतो. चौघांत खेळताना जोडीदार सांभाळून घेतो, हरलं तरी अर्धा दोष त्याच्यावर ढकलता येतो! दोघांत तसं काही नाही. सलग हरणारा माणूस कंटाळून उठतो, आणि मग उरलेला एकटा खेळूच शकत नाही.

आळशी_कासव

मी बुद्धिबळ म्हटलं ते हेटाळणी म्हणून नाही. माझा आक्षेप नीट सांगतो.

एक. पत्ते उघडे मांडले की माणसं विचार करत बसतात. दहा मिनिटांचा खेळ पाऊण तास चालतो. माझी बहीण उघड्या मांडणीने खेळायला बसली की प्रत्येक पत्त्याला समोरची आरास वाचून काढते. दुसरा माणूस तोवर काय करणार?

दोन, आणि हे महत्त्वाचं. पालथ्या खेळात समोरच्याला काय आठवतंय हे तुम्हाला माहीत नसतं. त्यामुळे हुलकावणी देता येते. पहिल्या अर्ध्यात मी पालथा पत्ता उचलल्यावर चेहरा पाडतो, आणि दुसऱ्या अर्ध्यात तोच हुकमाचा राजा असतो. उघड्या मांडणीत तो राजा कोणाकडे आहे हे समोरचा बघूनच सांगेल. ही गंमत गेली तर उरलं काय?

दुर्री

उरलं काय म्हणताय? हे सोडवून दाखवा मग.

हुकूम इस्पिक. दुसऱ्या अर्ध्यातले दहा हात झालेत, दोघांचे ५-५. तीन-तीन पत्ते शिल्लक. माझ्याकडे इस्पिकची नव्वी, बदामचा एक्का आणि बदामची राणी. समोर इस्पिकचा गुलाम, बदामचा राजा आणि किलवरची पंजी. उतारी माझी. मला दोन हात हवेत. सगळे पत्ते उघडे आहेत, लपवाछपवी शून्य. काय टाकू?

खिडकीतून

हुकूम आधी काढून घ्यायचे असतात ना? मेंढीकोटात तर आम्ही तेच करतो. इस्पिकची नव्वी टाका, त्याचा गुलाम निघून जाईल, मग तुमचा एक्का आणि राणी मोकळे.

मधला_राजा

खिडकीतून, नव्वी त्याच्या गुलामाने घेतली की उतारी त्याच्याकडे गेली. तो किलवरची पंजी टाकणार. तुमच्याकडे आता किलवर नाही आणि हुकूमही नाही, तो हात गेला. शेवटी त्याच्या बदामच्या राजावर तुमचा एक्का, म्हणजे एकच हात मिळाला. डाव गेला.

बदामची राणी आधी टाकली तर त्याहून वाईट. तो राजाने घेतो, गुलाम उतरवून तुमची नव्वी ओढून घेतो आणि शेवटी पंजी टाकतो. एक्का हातात आणि हात एकही नाही.

बदामचा एक्का आधी टाकायचा. त्याच्याकडे बदाम आहे, म्हणजे राजा टाकावाच लागतो. एक हात झाला. मग राणी उतरवायची. आता त्याच्याकडे गुलाम आणि पंजी. गुलामाने मारली तर शेवटी पंजीवर माझी नव्वी बसते. गुलाम राखून पंजी फेकली तर राणीच जिंकली. दोन्हीकडून दोन हात.

हुकूम आधी काढायचे ते तुमचे हुकूम मोठे किंवा जास्त असतील तेव्हा. तुमचा छोटा आणि त्याचा मोठा असेल तर त्याचा मोठा हुकूम तुमच्या चांगल्या पत्त्यावर खर्च करायला लावायचा आणि आपला छोटा मागे ठेवायचा.

आळशी_कासव

हे कोडं आवडलं. मान्य करतो. पण एवढं सगळं दिसत असताना राणी आधी टाकेल कोण?

दुर्री

तीन पत्त्यांत कोणी टाकणार नाही. पण तेरा पत्त्यांत हाच विचार करून बघा. सगळं उघडं असूनही सोपं नसतं. स्वीडिश गणिती योहान वॅस्टलुंड यांनी २००५ साली दोन खेळाडूंच्या व्हिस्टवर एक शोधनिबंध लिहिला, आणि तोही फक्त एकाच रंगाच्या पत्त्यांपुरता. हुकूम नाही, चार रंग नाहीत, सगळे पत्ते दोघांना माहीत. एवढं छाटलेलं रूपसुद्धा गणित म्हणून निबंधाचा विषय होतं.

पिसारा

सगळे उघडं-पालथं करताय, पण मला वेगळीच अडचण आहे. आम्ही हाच खेळ खेळतो आणि आमच्याकडे वाटताना एकाकडे सात-सात, आठ-आठ बदाम जातात. एकदा-दोनदा होईल, हे नेहमीचं झालंय. कॅटच खराब आहे का?

अनुस्वार

कॅट खराब नाही, पिसणं कमी पडतंय. या खेळात उतारीचा रंग पाळावा लागतो, त्यामुळे बहुतेक हातांत एकाच रंगाचे दोन पत्ते एकमेकांवर पडतात. डाव संपला की तुमच्या गठ्ठ्यात बदाम-बदाम, किलवर-किलवर अशा जोड्या जमलेल्या असतात. वेलांटींसारखे रंगवार मांडत असाल तर विचारूच नका, पूर्ण रंगच्या रंग एकत्र. ते गोळा करून हातावर चार वेळा खालीवर केले की झालं असं आपण समजतो, पण पत्त्यांचे गुच्छ तसेच राहतात.

गठ्ठ्याचे दोन भाग करून दोन्हींची टोकं एकमेकांत फडफडवत मिसळायची जी पद्धत आहे, तिच्याबद्दल डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या दोघा गणित्यांनी १९९२ साली दाखवलं की ५२ पत्ते नीट मिसळायला असं साधारण ७ वेळा करावं लागतं. तीन-चार वेळांत जुनी रांग बऱ्यापैकी शाबूत असते. (डायकोनिस आधी जादूगार होते, पत्त्यांशी त्यांची जुनी ओळख.) हातावर खालीवर करून पिसण्याला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

फडफडवता येत नसेल तर पत्ते जमिनीवर पसरा, दोन्ही हातांनी मिनिटभर गोल गोल ढवळा आणि गोळा करा. दिसायला पोरकट, पण काम चोख.

पिसारा

ढवळून बघतो. आमच्याकडे रोज फक्त चार वेळा खालीवर व्हायचे, आता कळलं.

संध्याछाया_नव्हे

स्मरणशक्तीचा प्रश्न असेल तर पत्तेच कमी करा की. मी श्नॅप्सन सुचवेन. ऑस्ट्रियात हा खूप खेळला जातो. फक्त २० पत्ते लागतात: चारही रंगांचे एक्का, दश्शी, राजा, राणी, गुलाम. बाकी बाजूला.

गुण असे: एक्का ११, दश्शी १०, राजा ४, राणी ३, गुलाम २. हात जिंकण्याचा क्रमही हाच, म्हणजे दश्शी राजाच्या वर. दोघांना पाच-पाच पत्ते, एक पत्ता उघडून हुकूम ठरवायचा, बाकीचे नऊ त्यावर आडवे पालथे. प्रत्येक हातानंतर दोघं एकेक पत्ता उचलतात, जिंकणारा आधी. आणि गठ्ठा शिल्लक असेपर्यंत उतारीचा रंग पाळायची सक्ती नाही. हे जर्मन व्हिस्टच्या अगदी उलट. उतारी आपली असताना एकाच रंगाचे राजा-राणी दोन्ही हातात असतील तर जाहीर करून त्यातला एक उतरवला की २० गुण, हुकमाचे असतील तर ४०. हुकमाचा गुलाम ज्याच्याकडे असेल तो आपली उतारी असताना तो ठेवून उघडा हुकूम उचलू शकतो. आधी ६६ गुण करून जो सांगेल तो जिंकला.

पण खरं रत्न वेगळंच आहे. उतारी तुमची असेल तर तुम्ही गठ्ठा बंद करू शकता. उघडा हुकूम उलटा करून गठ्ठ्यावर ठेवला की पत्ते उचलणं थांबलं. आता रंग पाळायचा, आणि जिंकता येत असेल तर जिंकायचंच. एकूण तुमचं म्हणणं असं की हातात आहेत तेवढ्या पत्त्यांवर मी ६६ करून दाखवतो. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर समोरच्याला २ किंवा ३ डाव-गुण (डाव जिंकल्याचे वेगळे गुण), आणि ७ डाव-गुणांना अख्खा खेळ संपतो. म्हणजे एक फसलेली बंदी जबर महाग पडते.

२० पत्ते कोणालाही लक्षात राहतात. वेलांटी, तुमच्या नवऱ्याचा फायदा इथे आपोआप आटतो.

मधला_राजा

श्नॅप्सनची बंदी म्हणजे पत्त्यांतला सगळ्यात धाडसी निर्णय. एक नियम विसरलात: झालेले हात उलटून बघायचे नाहीत आणि गुण मनातच मोजायचे. ६६ झाले नसताना झाले म्हणून सांगितलं तर दंड. तेव्हा इथेही कासवरावांचा पडदा आहेच, फक्त लहान.

खिडकीतून

या सगळ्या खेळांत हुकूम आहेच. हुकूम नसलेलं, आणि काहीच लक्षात ठेवायला न लागणारं काही आहे का? मला समोर जे दिसतंय त्यावर विचार करायला आवडतं.

उंबरठा

आहे. राइनर क्निझिया या जर्मन खेळरचनाकाराचा १९९९ सालचा लॉस्ट सिटीज. मुळात त्याचे वेगळे ६० पत्ते येतात, पाच रंगांचे. प्रत्येक रंगात २ ते १० आकडे आणि ३ पैजेचे पत्ते. पण घरच्या कॅटवर चार रंगांचा खेळ बसतो: चारही एक्के काढा, २ ते १० आकडे तसेच, आणि गुलाम-राणी-राजा हे तीन पैजेचे पत्ते. ४८ पत्ते झाले.

दोघांना आठ-आठ. आपली पाळी आली की एक पत्ता ठेवायचा, एक उचलायचा. ठेवायचा म्हणजे एकतर आपल्यासमोर त्या रंगाच्या रांगेत, आणि रांग चढत्या क्रमानेच वाढते. सत्ती ठेवली की त्या रंगाची पंजी तुम्हाला कायमची बंद. नाहीतर मधल्या फेकीच्या ढिगात उघडा टाकायचा, प्रत्येक रंगाचा वेगळा ढीग. उचलताना गठ्ठ्यातून घ्या किंवा कुठल्याही ढिगाचा वरचा घ्या, फक्त आत्ता स्वतः टाकलेला नाही. गठ्ठ्यातला शेवटचा पत्ता उचलला की खेळ त्याक्षणी बंद.

गुणांत खरी मेख आहे. रांग सुरू केली की त्या रंगाला २० वजा. म्हणून आकड्यांची बेरीज २० च्या वर गेली तरच फायदा. पैजेचे पत्ते आकड्यांच्या आधीच ठेवायचे. एक असेल तर निकाल दुप्पट, दोन असतील तर तिप्पट, तीन असतील तर चौपट. तोटाही तितक्याच पटीत. इस्पिकचा गुलाम, मग ४, ६, ७, १०: बेरीज २७, वजा २० म्हणजे ७, दुप्पट १४. हेच गुलामानंतर ३, ५, ८ एवढ्यावर अडकलात तर १६ वजा २० म्हणजे उणे ४, दुप्पट उणे ८. एका रंगात आठ किंवा जास्त पत्ते झाले तर वर २०. जो रंग सुरूच केला नाही त्याचे शून्य.

लक्षात काही ठेवायला नको, रांगा उघड्या, ढिगांचे वरचे पत्ते उघडे. आणि तरीही जीव टांगणीला लागतो, कारण तुम्हाला नको असलेला पत्ता समोरच्याला हवा असतो. तो टाकला तर तो उचलणार, धरून ठेवला तर तुमची जागा अडली.

घरच्या कॅटवर खेळताना एक फरक ध्यानात घ्या. मूळ खेळात वाटल्यावर ४४ पत्ते उरतात, म्हणजे दोघांना साधारण २२-२२ पाळ्या. ४८ पत्त्यांत ३२ उरतात, १६-१६ पाळ्या. रंग एक कमी असला तरी वेळ त्याहून जास्त कमी झाला. म्हणून दोन रंग सुरू करणं ठीक, तिसरा सुरू करताना चारदा विचार करा. वेळ कमी पडत असेल तर गठ्ठ्याऐवजी ढिगातून उचलत राहा, तेवढा खेळ लांबतो. समोरचा पुढे असेल तर तो नेमका गठ्ठा उपसत सुटतो. शेवटच्या सहा-सात पत्त्यांत हे बघण्यासारखं असतं.

खिडकीतून

हे अगदी माझ्यासाठीच आहे. एक्के बाजूला काढले.

तळटीप

थोडं विषयांतर. भाऊ आणि मी मॅजिक द गॅदरिंग खेळतो (रिचर्ड गारफिल्ड यांचा १९९३ सालचा खेळ, यात प्रत्येकजण आपल्या साठ्यातल्या पत्त्यांचा संच बांधून लढतो). तिथेही हाच असमतोलाचा प्रश्न, फक्त स्मरणशक्तीच्या जागी ज्याचा पत्त्यांचा साठा मोठा तो पुढे. आम्ही गारफिल्डच्याच विन्स्टन पद्धतीवर आलो. दोघांचे पत्ते एकत्र पिसून गठ्ठा करायचा, बाजूला एकेका पत्त्याचे तीन ढीग. पाळीला पहिला ढीग गुपचूप बघा, हवा तर उचला आणि त्याजागी नवीन पत्ता ठेवा. नको तर त्यावर गठ्ठ्यातला एक पालथा टाकून पुढच्या ढिगाकडे जा. तिन्ही नाकारले तर गठ्ठ्यातला वरचा पत्ता आंधळेपणाने घ्या. नाकारलेले ढीग फुगत जातात आणि कधीतरी मोह होतोच. गठ्ठा आणि ढीग संपले की जे जमलं त्यातून दोघं आपापला संच बांधून लढतात. साठ्याचा प्रश्न मिटतो.

आळशी_कासव

विन्स्टनमध्ये काय नाकारलं हे लक्षात ठेवावं लागतंच ना? आलो परत तिथेच.

तळटीप

लागतं. पण ढिगात तुमच्या मागे काय पडलं ते तुम्हाला माहीत नसतं, त्यामुळे लक्षात ठेवणाऱ्याचाही अंदाज चुकतो.

अनुस्वार

वेलांटी, तुमच्या मूळ भांडणावर आमच्या घरचा तोडगा सांगायचा राहिला. आम्ही मध्यंतर घेतो. पहिल्या अर्ध्यात पडलेले हात पालथे. गठ्ठा संपला की ते २६ पत्ते रंगवार उघडे मांडायचे, घड्याळ लावून एक मिनिट दोघांनी बघायचे आणि मग गोळा करून बाजूला. दुसरा अर्धा पुन्हा पालथा.

पहिल्या अर्ध्यात हुलकावणी चालते, कारण तेव्हा समोरच्याकडे काय गेलं हे नक्की माहीत नसतं. मिनिटभर बघितल्यावर निदान समोरच्याचे हुकूम आणि मोठे पत्ते दोघांनाही कळतात. कासवरावांच्या बहिणीलाही एका मिनिटात आवरावं लागेल.

दुर्री

हा तोडगा मला आवडला. यात एक आणखी फायदा आहे, अनुस्वार यांनी सांगितला नाही म्हणून सांगते. मध्यंतर होणार हे माहीत असलं की पहिल्या अर्ध्यात डोकं मोजण्यात अडकत नाही, उघडा पत्ता घ्यावा की सोडावा यावर राहतं. आणि नवा खेळाडू तिथेच सगळ्यात जास्त शिकतो.

फरक फारच असेल तर मध्यंतरात फक्त कच्च्या खेळाडूने बघायचं. किंवा कच्च्याला ६ हातांवर डाव द्यायचा, पक्क्याला ८ लागतील. बरोबरी सुटली की हळूहळू ७-७ वर या.

आळशी_कासव

एक मिनिट चालेल. दीड झालं की मी पत्ते उचलणार.

वेलांटी

मध्यंतर नवऱ्याला दाखवलं. म्हणाला, एक मिनिट जास्त होतं, तीस सेकंद. मी पंचेचाळीसवर तोडलं. ६ विरुद्ध ८ मात्र मी घेणार नाही, जिंकले तर नीट जिंकेन.

एक छोटा प्रश्न राहिला. शेवटच्या, म्हणजे तेराव्या हाताला गठ्ठ्यात एक उघडा आणि एक पालथा असे दोनच पत्ते असतात. तो हात जिंकणाऱ्याची दुसऱ्या अर्ध्यात पहिली उतारी. मग उघडा पत्ता फालतू असला तरी उतारीसाठी तो हात घ्यावा का?

मधला_राजा

हातात लांब रंग (एकाच रंगाचे बरेच पत्ते) आणि वर मोठे हुकूम असतील तर घ्या, सुरुवातीपासून जोर तुमचा राहतो. तुमचे पत्ते अडवाअडवीचे असतील, म्हणजे राणी-सत्ती, राजा-पंजी असे, तर सोडा. समोरचा उतारी करून तुमच्याकडे येईल तेच बरं, अशा पत्त्यांना शेवटी टाकायला मिळणं फायद्याचं. आणि उघडा पत्ता हुकूम असेल तर काहीही असो, घ्याच.